खालून काढलेला चेहरा

परळ, मुंबई
ता. २३ ऑक्टोबर १९५५

ती. वेणूवहिनी यांस,
दिनानाथचा नमस्कार. आईच्या पायावर माझ्या वतीने डोकं ठेवा.

भागोजीकाकांबरोबर पाठवलेले नारळ पोचले. तीन आमच्या मिस्त्रींनी जागच्या जागी फोडले आणि तुम्हाला निरोप दिला की, तुमच्या दिराच्या डोक्यापेक्षा नारळात जास्त माल निघाला.

मिस्त्री म्हणजे चांगदेव मिस्त्री. दुकानांच्या पाट्या रंगवणं मी सोडलं, हे आईला हळूच सांगा. आता यांच्या कारखान्यात आहे. चिनी मातीच्या रंगीत फरश्या फोडून नखाएवढे तुकडे करायचे आणि त्यांचं भिंतीवर चित्र बसवायचं, याला मोझॅक म्हणतात. सगळं काम उलटं चालतं. जाड कागदावर चित्र उलटं काढायचं, त्यावर तुकडे पालथे, म्हणजे रंगाची बाजू खाली करून, डिंकाने चिकटवायचे. मग तो कागद भिंतीवरच्या ओल्या सिमेंटात दाबायचा आणि सिमेंट धरलं की वरचा कागद भिजवून सोलायचा. तोवर आपण काय केलं ते आपल्यालाच दिसत नाही. पहिल्या दिवशी मी सगळे तुकडे रंग वर ठेवून नीट चिकटवले. मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. आता हे चित्र सिमेंट बघेल."

संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जातो. मास्तर महिनाभर एकच तांब्या काढायला लावतात. तुम्ही घर आणि वाडी सांभाळता म्हणून मला हे सुचतं, एवढं मला कळतं.

आपला,
दिनानाथ


किहीम
ता. ६ नोव्हेंबर १९५५

चि. दिनानाथ भावोजींस अनेक आशीर्वाद.

आधी भांडण, मग खुशाली. पत्रावर नुसतं "वेणूवहिनी"? त्याच्या आधीचं "सौ." कुठे गेलं? आई म्हणाल्या, लेकराचं घाईत राहिलं असेल. असेल. पण मला सगळ्या जगातून एवढं एकच अक्षर मिळतं, तेवढं तरी लिहीत जा.

माहेराहून, तळ्याहून सदादादा आला होता. त्याचं तेच. म्हणाला, आठ वर्षं झाली, अजून किती? मी म्हटलं, चार. भटजींनी सांगितलंय ना, बोटीत चढताना कुणी पाहिलं नाही आणि देह मिळाला नाही, तर बारा वर्षं वाट बघायची, मगच दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. सत्तेचाळीस साली आषाढी अवसेला रेवसची बोट बुडाली तेव्हा पोहून वाचलेल्या एकेकाला भागोजीकाकांनी विचारलं होतं. कुणी म्हटलं नाही की तुळशीराम आमच्याबरोबर होता. तुम्हीसुद्धा त्या दिवशी धक्क्यावर नव्हता. मग ते चढलेच नसतील, असंही असेल की नाही? माणसं कुठे कुठे निघून जातात आणि परत येतात. पाहा, रागाने त्यांचं नाव लिहून बसले.

दादाने आणखी एक सांगितलं. तळ्याच्या काळूरामाला तिसरा मुलगा झाला. एकोणपन्नास साली त्यानेच माझ्याशी पाट लावायचं विचारलं होतं, तुम्हाला आठवत असेल. नवरा गेल्याचं नक्की नाही तर दुसरं लग्न कसं लागणार? मी दादाला म्हटलं, चांगलं झालं. खोटं कशाला लिहू, थोडं वाईट वाटलं.

आता मागणं. तुम्ही चित्रं काढायला शिकताय तर मला ह्यांचा चेहरा काढून द्या. घरात एक फोटो नाही. डोळे मिटले की सदरा दिसतो, चाल दिसते, चेहऱ्याच्या जागी काही येत नाही. ज्याची वाट बघते त्याचा चेहराच विसरले, हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

आई बऱ्या आहेत. कंबर धरते. दुपारी गवताचा भारा मीच आणते, तुम्ही काळजी करू नका.

वेणू


परळ, मुंबई
ता. २० जानेवारी १९५६

ती. सौ. वेणूवहिनी यांस,
सा. न.

चूक झाली, पुन्हा होणार नाही.

पत्राला उशीर झाला कारण दादाचा चेहरा काढत होतो. सात वेळा काढला, सहा फाडले. सोबत सातवा आहे. मास्तरांना दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. ते म्हणाले, तुझा असेल, पण ह्याला कुणीच भाऊ म्हणणार नाही. मग त्यांनी मला परत तांब्याकडे बसवलं.

कारखान्यात आता मला पाणी बसवायला देतात. एका नव्या शाळेच्या भिंतीवर चौदा हात लांब समुद्र करायचा आहे, इमारत उभी राहायला अजून दोन वर्षं आहेत. मला वाटायचं, समुद्र म्हणजे निळे तुकडे. मिस्त्रींनी राखाडी, मातकट, काळसर असे अकरा डबे पुढे ठेवले आणि म्हणाले, "किहीमचा ना तू? मग बघितलेला लाव, कॅलेंडरवरचा नको."

तब्येतीला जपा. आईला कंबरेला शेक द्या.

दिनानाथ


किहीम
ता. ११ फेब्रुवारी १९५६

चि. भावोजींस आशीर्वाद.

चित्र मिळालं. तुम्ही कष्ट घेतले, म्हणून आधी हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण भागोजीकाका आत आले, चित्र पाहिलं आणि विचारलं, "ह्यो आपला पोस्टमन का गो काडलाय?" मग आई पण हसल्या.

नाक त्यांचंच आहे, पण चेहरा त्यांचा नाही. सगळं जिथल्या तिथे आहे आणि माणूस घरी नाही, तसं झालंय. डाव्या भुवईत माडावरून पडल्याची खोक होती. कान जरा बाहेर. एवढंच मला आठवतं, बाकीचं तुम्ही आठवा. तुम्ही दोघं मुंबईत तीन वर्षं एका खोलीत राहिलात. माझा संसार सगळा मिळून चार वर्षांचा, त्यातही ते सणापुरते यायचे. त्यांना शेवटचं तुम्ही जितकं पाहिलं तितकं मी पाहिलेलं नाही.

घाई नाही. पण काढाल ना?

वेणू


परळ, मुंबई
ता. ९ ऑगस्ट १९५७

ती. सौ. वेणूवहिनी यांस,
सा. न.

दीड वर्षात तुम्ही चार पत्रांत तेच विचारलंत आणि चारही वेळा मी नारळांविषयी लिहिलं. मला लाज वाटते.

मधल्या काळात रंग शिकलो. मास्तर म्हणतात, सावली काळी नसते, नीट बघ. आता बघायला लागलो तर खरंच नसते. गालाखालची सावली हिरवट असते, पावसातल्या माणसाची तर निळी. हे कळल्यापासून रस्त्यात लोकांच्या चेहऱ्याकडे बघत चालतो आणि शिव्या खातो.

मागच्या महिन्यात मास्तरांनी विचारलं, भावाचं काय झालं? मी म्हटलं, जमत नाही. त्यांनी माझे सगळे कागद मांडले आणि म्हणाले, "तू ह्याला सगळीकडे समोरून काढलायस. समोर बसवून कधी पाहिलं होतंस? तुला माहीत आहे ते काढू नको. जिथून पाहिलंस तिथून काढ."

त्या दिवशी घरी आलो आणि एका बैठकीत झालं. जलरंगातलं आहे, पाण्याचा हात लावू नका. काल मास्तरांनी पाहिलं आणि माझ्यापुढचा तांब्या उचलून फळीवर ठेवला. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ आहे.

हे पाठवू की नको, असा आठ दिवस विचार केला.

दिनानाथ


किहीम
ता. २५ ऑगस्ट १९५७

चि. भावोजींस,

तेच आहेत.

पाकीट उघडलं आणि पदर ओढून घेतला, जसे दारातच आलेत. आई चुलीपाशी होत्या, त्यांना दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून लाकडं सारत बसल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, मुलाच्या आठवणीने.

चित्र मी तांदळाच्या डब्यावर उभं केलंय. तेरा दिवस रोज बघते. आता जे दिसलं ते विचारते, रागावू नका.

तुम्ही त्यांना खालून काढलंय. हनुवटीची खालची बाजू दिसते, नाकपुड्या दिसतात, डोळे आपल्याकडे वाकलेले आहेत. ते तुमच्यापेक्षा चार बोटं बुटके होते. उभे असले तर तुम्हाला त्यांची टोपी वरून दिसायची. मग तुम्ही कुठे उभे होता?

आधी मला वाटलं, माडावरचे आहेत. माडाच्या बुंध्याशी मी किती वेळा उभी राहिलेय, वर चढलेला माणूस खालून असाच दिसतो. पण टोपी घालून, सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावून माडावर कोण चढतं? आणि माडावर दोन्ही हात झाडाला असतात. इथे दोन्ही हात एका आडव्या दांडीवर टेकलेत. चेहरा ओला आहे. तुम्हीच लिहिलंय, पावसातल्या माणसाची सावली निळी असते. ह्यांच्या गालावर निळी आहे.

तोंड अर्धं उघडं आहे. काय बोलत होते?

वेणू


किहीम
ता. ३० सप्टेंबर १९५७

दिनानाथ भावोजी,
महिना झाला. उत्तर नाही. भागोजीकाका सांगतात, तुमची तब्येत ठणठणीत आहे.
वेणू


परळ, मुंबई
ता. १४ ऑक्टोबर १९५७

ती. वेणूवहिनी यांस,

आज "सौ." विसरलो नाही. लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी राहिलं होतं तेही विसरल्याने राहिलं नव्हतं. तो शब्द लिहिताना दर वेळी हात थांबायचा, त्या दिवशी पुढे गेलाच नाही. दहा वर्षं माझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ खोटी होती.

मी धक्क्यावर होतो. दादाला पोचवायला मीच गेलो होतो. मला सुट्टी नव्हती, नाहीतर मीही चढलो असतो. सकाळची वेळ होती, पाऊस धरला होता. बोटीवर सणाला घरी जाणारी माणसं दाटीने उभी होती. दादा गर्दीतून वरच्या मजल्यावर गेला आणि कठड्याला टेकून मला शोधत होता. मी खाली धक्क्यावर. दिसलो तेव्हा हसला आणि म्हणाला, "जा आता, भिजतोयस. पुढच्या खेपेला तुला नेतो." एवढंच बोलला. तुमच्यासाठी काही निरोप नव्हता, वहिनी. तो स्वतःच येत होता ना, निरोप कशाला देईल? बोट लांब जाईपर्यंत मी पाहिली. तो उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी मी किहीमला पोचलो तेव्हा तुम्ही किनाऱ्यावर गेला होता, बाकीच्या बायकांबरोबर. आईने मला पडवीतच धरलं. तिला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तू काय बगितलं न्हाय. आयकलंस? ती कुकू पुसून तल्याला निंगून जायल. मंग मी कुनाच्या तोंडाकडं बगू?" मी अठरा वर्षांचा होतो. मला वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे, देह सापडेल आणि मला काही बोलायला लागणार नाही. देह सापडला नाही.

मग दिवस गेले आणि बोलणं कठीण होत गेलं. एकोणपन्नास साली काळूरामाचा निरोप आला तेव्हा मी घरी होतो. माझ्या एका वाक्याने तुमचा पाट लागला असता. मी पाणी पिऊन बाहेर गेलो. आईचं नाव पुढे करून मी सुटणार नाही. तुम्ही गेलात तर वाडी मला बघावी लागेल आणि मुंबई सुटेल, हे मला तेव्हाच कळत होतं. तुम्ही भारे वाहिलेत आणि मी तांब्या काढत बसलो.

चित्र काढताना हे सगळं डोक्यात नव्हतं. समोरून काढत होतो तोवर दादा येत नव्हता. खालून काढला आणि आला. पाठवताना वाटलं, तुम्हाला कळणार नाही. कळावं असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

दिनानाथ


किहीम
ता. २ नोव्हेंबर १९५७

दिनानाथ,

तुझं पत्र मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या म्हातारीनं काय करायचा व्हता?" त्यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं, हे खरं. मला कोण होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी एकवीस वर्षांची होते, आता एकतीस आहे. दहा वर्षं बोटीच्या भोंग्याला दारात आले. रेवसकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाची चाल लांबून पाहिली. दहा वर्षं वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं आणि बाकीच्या बायका माझ्याकडे बघायच्या नाहीत. गेलेला माणूस गेला, त्याचं मी कधीच रडून घेतलं असतं. तुम्ही दोघांनी मला रडूसुद्धा दिलं नाही. काळूरामाचं मला एवढं नाही. पण मला एखादं मूल झालं असतं, हे आज तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं आणि जात नाही.

आता मी सांगते तसं करायचं.

मार्गशीर्षात इथे ये. गावासमोर, भटजींसमोर उभा राहून सांग की मी पाहिलं. साक्षीदार असला तर बारा वर्षं लागत नाहीत. पुतळ्याला अग्नी तू दे. माझं कुंकू मी स्वतः पुसेन, कुणी हात लावायचा नाही.

त्यानंतर मी जाणार आहे. माणगावच्या दवाखान्यात बायकांना बाळंतपणाचं काम शिकवतात. सदादादाने चौकशी केली आहे, चौथी शिकलेली चालते. आजवर तू शिकलास, आता मी शिकते. आई आणि वाडी तुझ्याकडे. तुझ्या त्या समुद्राच्या भिंतीचं काय होईल ते मला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही.

पुढे पत्र लिहिलंस तर वर नुसतं वेणूबाई लिही. सौ. नको आणि गं. भा.ही नको.

चित्र मी नेणार आहे. ते चांगलं काढलंयस.

वेणूबाई


किहीम
ता. १६ मार्च १९५८

ती. वेणूबाई यांस,
दिनानाथचा नमस्कार.

पुतळ्याच्या दिवसानंतर तुम्ही माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आज लिहायला कारण आहे.

शाळेची भिंत चांगदेव मिस्त्रींनी पुरी केली. त्यांचं कार्ड आलं, पाणी तुझंच ठेवलंय, बोटी मी लावल्या, वाईट लावल्या. जागा ठेवत नाही, पण आलास तर काम देईन, असंही लिहिलंय. इथे मी वाडी शिंपतो, भारे आणतो. पहिल्या आठवड्यात खांदा सोलला, तेव्हा तुमचा खांदा मी कधी पाहिला नव्हता हे लक्षात आलं. रोज तासभर आईला काढतो. ती बसून असते, त्यामुळे मास्तरांच्या तांब्यासारखी सोय आहे. तिला आता समोरून काढतो, कारण समोर बसतो.

आई रोज चार वाजता आवाराच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "वेणू येल. तिची शिकवनी झाली का येल." भागोजीकाका म्हणाले, म्हातारं माणूस आहे, येईल म्हण, तुझं काय जातं? शेजारचेही तेच म्हणाले. मी दोन महिने गप्प राहिलो. होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग कळलं की हे गप्प राहणं माझ्या ओळखीचं आहे.

परवा ती फाटकाशी गेली तेव्हा मी मागून गेलो आणि सांगितलं, "आई, वहिनी इथे राहायला परत येणार नाही. तिने मला तसं सांगितलंय." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकाची कडी लावली. मग म्हणाली, "आत चल, ऊन हाय." आत येऊन खूप रडली. वहिनी, दादाच्या वेळीसुद्धा ती अशी रडली नव्हती. मला वाटलं, मी तिला मारतोय. पण संध्याकाळी भाकरी खाल्ली आणि काल फाटकाशी गेली नाही.

तुम्ही यावं म्हणून हे लिहीत नाही. मी सांगितलं, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

दिनानाथ


माणगाव
ता. २४ मार्च १९५८

चि. दिनानाथ भावोजींस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

इथे काल माझ्या हातावर पहिलं मूल आलं. मुलगी आहे. आई तळ्याकडची, तिचा नवरा मुंबईला, तो केव्हा येणार ते तिला नक्की माहीत आहे. त्या पोरीला पुसून तिच्या कुशीत दिलं आणि मागच्या दाराला जाऊन रडले. दहा वर्षांचं एकदमच आलं. शिकवणाऱ्या बाईंनी बसू दिलं. आता हलकं वाटतं.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा लिहीन, आधी नाही.

रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळी परत निघेन. आईंना सांगा, वेणू येणार आहे, आणि राहायला येत नाही, हेही त्याच वेळी सांगा.

वेणूबाई